केव्हा, ते लिहावे

४ फेब्रुवारी

ताई,

आज अठ्ठ्याहत्तर दिवस झाले. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये तू मला विचारलं होतंस, "तू तिथे होतीस ना? मग काय झालं तेवढं सांग." मी म्हणाले, "चौकशी सुरू आहे." वाक्य बरोबर होतं. चौकशी त्याच दुपारी सुरू झाली होती. तू माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतलीस आणि आत गेलीस. त्यानंतर आपण बोललो नाही.

चौथ्या दिवशी तू हॉस्पिटलमध्ये भावोजींजवळ असताना मी घरी आले, दोन बॅगा भरल्या आणि निघाले. किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली. साडेचार वर्षं मी तुझ्या घरात राहिले. निघायला पस्तीस मिनिटं लागली. काकू म्हणाल्या, "अगं, ताईला सांगून तरी जा." मी म्हणाले, सांगेन. सांगितलं नाही.

खोली बरी आहे. तिसरा मजला, एक खिडकी. नळ ठिबकत होता, त्याचा वॉशर बदलला. कामावर जाते. मशीनवर हात लावायची परवानगी चौकशी संपेपर्यंत नाही, म्हणून ऑफिसात बसून सुट्या भागांच्या याद्या तपासते. जेवण वेळेवर होतं. झोपही लागते. तू विचारलं नाहीस तरी सांगते आहे.

लिहिण्याचं कारण वेगळं आहे. मला चौकशी समितीला निवेदन द्यायचं आहे, इंग्रजीत, कारण मुख्य कार्यालयाच्या तिघांपैकी एकालाही मराठी येत नाही. मुदत अठ्ठावीस फेब्रुवारी. पहिला मसुदा मी डिसेंबरातच दिला होता. सेफ्टी ऑफिसरने तो परत पाठवला. समासात लाल पेनाने सहा ठिकाणी एकच गोष्ट लिहिली होती : 'केव्हा, ते लिहावे.'

माझं इंग्रजी तुला माहीत आहे. मशीनची पुस्तकं मी सरळ वाचते. पण त्या पुस्तकांत कोणी काही केलेलं नसतं. करा, तपासा, बदला, घट्ट करा, एवढंच असतं. घडून गेलेलं लिहायची माझ्यावर कधी वेळ आली नव्हती.

पहिल्या मजल्यावर एक बाई इंग्रजी शिकवतात. परदेशी जाणाऱ्या नर्सेस त्यांच्याकडे येतात. पूर्वी टेलिफोन खात्यात होत्या, अजूनही समोरचा जास्त बोलायला लागला की "वेळ संपली" म्हणून तोडतात. मी गेले, मसुदा दाखवला नाही, फक्त म्हणाले की मला भूतकाळ नीट शिकायचाय. बाई म्हणाल्या, "कुठला? साधा, की हॅववाला?"

सध्या तेवढंच शिकते आहे. साधा भूतकाळ कधी आणि हॅव लावून पूर्ण वर्तमानकाळ कधी.

उत्तर नको. पत्र मिळालं एवढं कळलं तरी चालेल.

धाकटी

११ फेब्रुवारी

ताई,

पत्र पोचलं. पोस्टमनला विचारलं.

बाईंच्या वर्गात आम्ही चौघं आहोत. दोन नर्सेस, एक ट्रक ड्रायव्हर आणि मी. काल ड्रायव्हरने स्वतःची ओळख करून देताना फळ्यावर लिहिलं, 'आय हॅव मॅरीड इन टू थाउजंड इलेव्हन.'

बाई म्हणाल्या, "साल लिहिलंस ना? मग हॅव काढ. साल आलं, वार आला, काल आला, की हॅवला रजा."

तो म्हणाला, "पण बाई, बायको अजून आहे."

"बायको आहे. लग्न संपलं. लग्न त्याच दिवशी दुपारी संपतं, पुढे असतो तो संसार."

"हे आधी कोणी सांगितलं नाही."

नर्सेस खूप हसल्या. मीही हसले असावे, कारण बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चला, हिला दात आहेत."

बाईंचा नियम सोपा आहे. गोष्ट झाली, वेळ संपली, वेळ सांगता येते : साधा भूतकाळ. गोष्ट झाली पण तिचं काहीतरी अजून इथे पडलं आहे, आणि केव्हा झाली ते सांगायचं नाही किंवा सांगायची गरज नाही : हॅव. त्यांनी टेबलावरचा कप उचलला. "कप फुटलाय, तुकडे जमिनीवर आहेत, चप्पल घाल, असं सांगायचं असेल तर हॅव. कप सकाळी फुटला, मीच फोडला, तर साधा. आपल्या भाषेतही असंच जवळपास आहे. पण आपण तोंडाला येईल ते म्हणतो आणि भागतं. त्यांचं भागत नाही."

घरी येऊन मी मसुदा वाचला. अकरा वाक्यं आहेत. अकराही वाक्यांत हॅव किंवा हॅज आहे. 'द लॉक हॅज बीन रिमूव्हड.' 'ही हॅज कम आउट ऑफ द मशीन.' एकाही वाक्यात घड्याळ नाही. माझ्या कुठल्याच कागदात असं होत नाही. भावोजी मला फूटपट्टी म्हणतात ते उगाच नाही.

दुसऱ्या दिवशी मी ते दुसरं वाक्य बाईंना सुटं करून दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तो बाहेर आलाय आणि अजून बाहेरच आहे?"

मी म्हणाले, "नाही. परत आत गेला."

"मग हे खोटं झालं. बाहेर आला, केव्हा आला ते लिही. परत गेला, केव्हा गेला ते लिही. आणि हे वरचं, कुलूप काढण्यात आलेलं आहे. कोणी काढलं?"

मी म्हणाले की वाक्य पुस्तकातलं आहे.

"पुस्तकातही कुलूप आपोआप निघत नाही," बाई म्हणाल्या.

तुला मशीन माहीत नाही. भावोजी घरी कामाचं बोलत नाहीत आणि मीही नाही. थोडक्यात सांगते. आमच्या लाँड्रीत हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात, दिवसाला नऊ टन. धुऊन, पिळून त्या रूळ-इस्त्रीत जातात. जाड कापडाचं अस्तर गुंडाळलेले तीन रूळ, प्रत्येकी साडेतीन मीटर लांब, आणि प्रत्येक रुळाखाली वाफेवर तापणारी लोखंडी पन्हळ. चादर मधून सरकते आणि वाळून, इस्त्री होऊन बाहेर येते. अस्तर जळतं, ते दर काही महिन्यांनी बदलावं लागतं. त्यासाठी माणसाला आत हात घालावा लागतो.

हात घालण्याआधी विजेचा मोठा खटका खाली पाडतात आणि त्याला कुलूप लावतात. खटक्याला सहा भोकांची पट्टी असते, कारण नियम असा आहे की आत काम करणाऱ्या प्रत्येकाने स्वतःचं कुलूप लावायचं. लाल कुलूप, त्यावर नाव, किल्ली एकच आणि ती ज्याची त्याच्या खिशात. तुझं कुलूप दुसरा कोणी काढू शकत नाही. सगळी कुलपं निघेपर्यंत खटका वर होत नाही. म्हणजे कोणी आत राहिला, तर त्याचं कुलूप बाहेर असतं आणि मशीन चालू होऊ शकत नाही. चांगली व्यवस्था आहे. मी दुसरी सुचवू शकणार नाही.

अठरा नोव्हेंबरला पट्टीवर एकच कुलूप होतं.

धाकटी

१६ फेब्रुवारी

ताई,

काल सेफ्टी ऑफिसरने बोलावलं होतं. माणूस वाईट नाही. बोलताना पेनाचं टोपण काढतो, लावतो.

"मॅडम, तुमच्या भावोजींचं निवेदन आलं. छान स्पष्ट आहे. आता तुमचं त्याच्याशी जुळवून द्या, म्हणजे मी फाइल पुढे सरकवतो. दोन महिने टेबलावर पडली आहे."

"जुळवून म्हणजे?"

"म्हणजे वेगळं काही लिहू नका. घरचीच माणसं तुम्ही, दोघांचं दोन तोंडांनी कशाला?"

त्याने मला निवेदन वाचायला दिलं. भावोजींनी सांगितलं आहे आणि कारकुनाने लिहून घेतलं आहे. चारच वाक्यं आहेत. 'माझी मेहुणी त्या कामाची प्रमुख होती. तिने मला माझं कुलूप लावायला सांगितलं. मी लावलं नाही. मी पुन्हा आत गेलो ते तिला माहीत नव्हतं.' खाली सही आहे. डाव्या हाताची, ओळ सोडून खाली उतरलेली.

पहिलं वाक्य खरं आहे. परवाना माझ्या नावाचा होता. एकोणीस वर्षं काम केलेला माणूस माझ्या हाताखाली होता, कारण परीक्षा मी पास झाले होते आणि ते दोनदा बसून सुटले नव्हते. तिसरं वाक्य खरं आहे. चौथंही खरं आहे.

दुसरं खोटं आहे.

मी ऑफिसरला विचारलं, असंच राहिलं तर पुढे काय. तो म्हणाला, कुलूप न लावता आत गेलेल्या माणसाला कंपनीच्या कुठल्याच प्लांटमध्ये घेता येत नाही. शिक्षा म्हणून नाही, नियम म्हणून. हलकं काम, गोदामाचं काम, काहीच नाही. "आणि तुम्हाला काही नाही. तुम्ही सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नाही. तुमचा परवाना एक तारखेपासून पुन्हा सुरू."

"आणि मी सांगितलंच नसेल तर?"

त्याने टोपण लावलं. "मॅडम, तसं असेल तर परवाना जातो. कायमचा. मग परीक्षा देऊनही मिळत नाही. पण तसं नाहीच ना? ते स्वतःच म्हणताहेत."

तर असं आहे. तू समजून घे म्हणून सरळ लिहिते. भावोजींच्या कागदावर माझी सही जुळली की त्यांचं काम जातं आणि माझं राहतं. जुळली नाही की उलट, किंवा दोघांचंही. बारा दिवस आहेत.

मी नवा मसुदा तयार केला आहे. जुळणारा. त्यात सगळी वाक्यं साध्या भूतकाळात आहेत आणि घड्याळाप्रमाणे वेळा आहेत. फक्त अकरा वाजून वीस मिनिटांच्या पुढे 'मी त्यांना कुलूप लावायला सांगितलं' असं एक वाक्य आहे. बाईंनी तपासलं तर त्यात एकही चूक निघणार नाही.

भावोजी एकतीस तारखेला कंपनीच्या डॉक्टरांना जखम दाखवायला आले होते, तेव्हा गेटवर दिसले. हात रुमालात होता. मी खांबाच्या मागे उभी राहिले. हेही नोंद म्हणून.

धाकटी

२२ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र काल मिळालं. तीन वेळा वाचलं. माझ्यासमोर आहे, आणि तू काय लिहिलंस ते मी तुलाच परत लिहून दाखवते, कारण त्यातलं एकेक वाक्य मला तपासायचं आहे.

'तुझी तिन्ही पत्रं मिळाली. तुझं ते व्याकरण मला कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. ह्यांना पत्रं दाखवली नाहीत.

एक सांगते, ते पोटात ठेव. त्या दिवशी ह्यांचं लाल कुलूप माझ्याकडे होतं. माझ्या सायकलचं कुलूप मोडलं होतं, दुकानात जायची घाई होती, खुंटीवर हे दिसलं ते घेतलं. किल्ली त्यालाच लटकत होती. ह्यांना विचारलं नाही. अर्ध्या वाटेत वाटलं, हे कामाचं तर नसेल? मग म्हटलं, असतील ह्यांच्याकडे दहा. दुपारी फोन आला तेव्हा मी सायकलचं तेच कुलूप उघडत होते.

कोणाला सांगितलं नाही. कुलूप पिठाच्या डब्यात आहे. हॉस्पिटलात तुला विचारलं ते त्यासाठीच. वाटलं, तू म्हणशील की कुलूप नव्हतं म्हणून झालं, आणि मग मी तिथेच सांगून टाकेन. तू चौकशी म्हणालीस. तेव्हाच समजले की तुला सगळं ठाऊक आहे आणि तू मला झाकते आहेस. घर सोडून गेलीस तेही माझं तोंड बघवेना म्हणून, हेही समजले. मी हाक मारली नाही, कारण कुठल्या तोंडाने मारू?

तू जुळवूनच दे. आमच्या घरातलं एक तरी माणूस कामावर राहू दे. केलं मी, भोगतोय आम्ही, त्यात तुझं कशाला.'

ताई, मला माहीत नव्हतं.

कुलूप तुझ्याकडे होतं हे मला काल कळलं. भावोजींना अजूनही माहीत नसेल, कारण त्या सकाळी त्यांनी खिसे चाचपले आणि म्हणाले, "लॉकरमध्ये राहिलं वाटतं." लॉकरपर्यंत जाऊन यायला सहा मिनिटं लागतात. मी म्हणाले, "राहू द्या हो. माझं आहे ना. एका घराला कुलपं किती लागतात?"

ते हसले. ते हसले कारण हा विनोद जुना होता. मी तो अकराव्यांदा करत होते.

आता नीट वाच. एका कुलपावर दोघांनी काम करण्याची ती अकरावी वेळ होती. मी मोजून सांगते आहे. पहिली वेळ मागच्या मार्चमधली. तेव्हा त्यांच्या कुलपात कणीक गेल्यासारखं काहीतरी अडकलं होतं, उघडत नव्हतं. त्यानंतरच्या नऊ वेळा त्यांचं कुलूप त्यांच्या खिशात होतं. खिशात असून लावलं नाही, कारण लावायला, काढायला, वहीत दोन सह्या करायला वेळ जातो, आणि मी म्हणायचे, तुम्ही आणि मी काय वेगळे आहोत? एका स्कूटरवर येतो, एका डब्यात जेवतो. ते म्हणायचे, "फूटपट्टीच्या खिशात किल्ली आहे म्हणजे बँकेत आहे." दुसरा कोणी असता तर मी त्याला कुलपाशिवाय मशीनच्या जवळ येऊ दिलं नसतं. आले होते एकदा दोन कंत्राटी फिटर, त्यांना मी गेटवरून परत पाठवलं होतं. परक्या माणसांशी मी नियमाने वागले. ही चूक घरच्यांमध्येच होऊ शकते.

म्हणजे तू कुलूप नेलं नसतंस, तरी त्या दिवशी ते त्यांच्या खिशात राहिलं असतं. पट्टीवर एकच लागलं असतं. सायकलचा संबंध नाही. मी हे तुझं समाधान करायला लिहीत नाही. मला समाधान करता येत नाही, तुला माहीत आहे. अकरातून एक वजा केला की दहा उरतात, इतकंच.

तू हॉस्पिटलात विचारलं होतंस, काय झालं. उत्तर असं आहे.

अकरा वीसला मी खटका पाडला आणि माझं कुलूप लावलं. वाफ आदल्या संध्याकाळीच बंद केली होती, पन्हळ गार होती. आम्ही दोघांनी जुनं अस्तर सोडवलं, नवं चढवलं. बारा पन्नासला शेवटची क्लिप बसवली. एक वाजून दोन मिनिटांनी मी त्यांना पाण्याच्या कूलरपाशी पाहिलं. म्हणजे ते बाहेर होते. मी मशीनच्या दुसऱ्या टोकाला, पॅनेलकडे निघाले. तिथून आतलं दिसत नाही. वाटेत सुपरवायझरचा फोन आला, "अजून किती वेळ? चादरी तुंबल्यात." मी म्हणाले, "झालंच." बोलणं दोन मिनिटं चाललं. तेवढ्यात ते पान्हा आत राहिला म्हणून परत गेले. त्यांनी मला सांगितलं नाही. सांगायची गरज नसते, कुलूप सांगतं. त्यांचं कुलूप तिथे नव्हतं.

माणसं मोजून मगच कुलूप काढायचं, असा माझा नियम आहे. माझा म्हणजे परवान्यावर छापलेला. मी मोजली नाहीत. चार मिनिटांपूर्वी पाहिलेलं मी अजून तसंच आहे असं धरलं.

एक वाजून सहा मिनिटांनी मी कुलूप काढलं. खटका वर केला. अस्तर सरळ बसलंय का ते बघायला रूळ हळू फिरवायचं बटण दाबलं. अडीच सेकंद दाबलं. मग ओरडणं ऐकू आलं आणि मी बोट उचललं.

बटण मी दाबलं, ताई.

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. भावोजींना माहीत आहे, कारण पॅनेलपाशी दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी तुलाही सांगितलं नाही, हे तुझ्या पत्रावरून कळलं. म्हणजे तीन महिने तू डब्यात कुलूप लपवत होतीस, ते माझं नाव लपवत होते आणि मी घड्याळ लपवत होते.

जुळणारा मसुदा मी फाडला. तुझं पत्र आलं नसतं तर मी त्यावर सही केली असती. तेही तुला माहीत असू दे.

धाकटी

१ मार्च

ताई,

निवेदन काल दुपारी दिलं. त्यात तुझा किंवा सायकलचा उल्लेख नाही, कारण त्या दोन्हींचा घटनेशी संबंध नाही.

देण्याआधी बाईंना दाखवलं. अख्खं, नावांसकट. त्यांनी पेन उघडून हातात धरलं आणि वाचत गेल्या. अठ्ठावीस वाक्यं आहेत. नेहमी त्या तिसऱ्या ओळीला थांबतात आणि "हे काय दिवे लावलेस" म्हणतात. या वेळी पेन कागदाला टेकलं नाही. शेवटच्या वाक्यावर त्या थांबल्या. तिथे मी 'ही हॅज लॉस्ट थ्री फिंगर्स' असं लिहिलं होतं. सगळ्या निवेदनात तो एकच हॅज होता. मी म्हणाले, "हे चुकलंय का? वेळ माहीत आहे. एक वाजून सहा."

"नाही," बाई म्हणाल्या. "हे बरोबर आहे. हे असंच राहतं."

मग त्यांनी पेन बंद केलं आणि विचारलं, "तुझे कोण?"

"बहिणीचे यजमान."

"बहीण काय म्हणते?"

"माझ्यावर रागावलेली नाही. अजून."

बाईंनी चहा टाकला. ड्रायव्हर आला होता, त्याला म्हणाल्या, "आज तुझी वेळ संपली." तो म्हणाला, "बाई, सुरूच झाली नव्हती." तो दारातच उभा राहिला आणि मग गेला.

सेफ्टी ऑफिसरने निवेदन वाचलं तेव्हा टोपण लावलं नाही, काढलं नाही. म्हणाला, "मॅडम, एकदा आत गेलं की परत येत नाही हे." मी पोच मागितली. त्याने दिली. वेळ घातली नव्हती, ती मी घालून घेतली : चार दहा.

धाकटी

१९ मार्च

ताई,

समितीचं पत्र तुमच्याकडेही आलं आहे, तेव्हा ते पुन्हा लिहीत नाही. भावोजींना गोदामात घेताहेत, एक तारखेपासून. कामाच्या प्रमुखाने सांगितल्याप्रमाणे वागले, असं धरलं आहे. माझा परवाना गेला. मला याद्यांच्या कामावर ठेवणार की तेही नाही, ते महिन्याअखेर कळेल. मी दोन ठिकाणी अर्ज केला आहे. एका ठिकाणी शिलाई मशीनची दुरुस्ती आहे. तिथे खटका पायाशी असतो.

काल भावोजींचा फोन आला. त्यांचा आवाज मी नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा ऐकला. त्यांनी कसं आहेस वगैरे काही विचारलं नाही.

"फूटपट्टे, तुला कोणी सांगितलं होतं गं? मी सगळं सांभाळलं होतं ना?"

"हो."

"मग? शाळा शिकून हीच अक्कल आली? माझं वय झालं, मी कुठेही बसलो असतो. तुझं पुढचं सगळं पडलं होतं."

"दुसरं वाक्य खोटं होतं, भावोजी."

"खोटं होतं! अगं, खोटं होतं म्हणून तर सांगितलं. खरं असतं तर सांगायची काय गरज होती?"

ते बराच वेळ बोलत राहिले. गोदामातल्या माणसाला शिव्या दिल्या, तो कसा कामचुकार आहे आणि आता त्याच्या शेजारी बसावं लागणार म्हणून. डाव्या हाताने आकडे काढायला शिकताहेत, आठ नीट जमत नाही म्हणाले. मग म्हणाले, "थांब, ही घेतेय फोन."

तू फोन घेतलास. मागे कुकरची शिट्टी झाली, तू गॅस बारीक केलास, परत आलीस. मी वाट बघत होते की तू बटणाबद्दल विचारशील. अडीच सेकंदांबद्दल. त्याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं.

तू म्हणालीस, "पाण्यापाशी उभे होते तेव्हा कसे दिसत होते?"

मी म्हणाले, "नीट आठवत नाही."

तू म्हणालीस, "बरं." आणि मग रविवारी येणार असशील तर सकाळीच ये, दुपारी आम्ही ड्रेसिंगला जातो, असं म्हणून ठेवलास.

ताई, मी खोटं बोलले. आठवतं. निवेदनात त्याची गरज नव्हती म्हणून लिहिलं नाही आणि फोनवर तोंडातून निघालं नाही. आता लिहिते.

एक वाजून दोन मिनिटं. ते कूलरला पाठ टेकून उभे होते. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत वर होत्या, डाव्या दंडाला अस्तराचा एक पांढरा धागा चिकटला होता. चादरी मोजणाऱ्या बाईंना ते काहीतरी सांगत होते, बहुतेक माझ्याबद्दल, कारण त्या माझ्याकडे बघून हसल्या. आधी त्यांनी ओली बोटं मानेवरून फिरवली. मग पेला भरला. उजव्या हातात धरला होता. करंगळी जरा बाहेर काढून, घरी चहा पिताना कप धरतात तसा. सगळं पाणी एका दमात प्यायले. पेला उपडा करून झटकला, जागेवर ठेवला, आणि मला लांबूनच तो हात दाखवला. पाचही बोटं पसरून. पाच मिनिटांत संपवू, असं म्हणत होते.

रविवारी सकाळी येते.

धाकटी